वरच्या मजल्यापर्यंत

अभिरामला जाऊन तीन वर्षं झाली, त्या दिवशी जयमालाबाईंनी ऑफिसच्या कार्यक्रमाला जायचं नाही असं ठरवलं.

कार्यक्रम दरवर्षीचाच. अभिराम शहराच्या प्राधिकरणात अतिक्रमण विभागाचा कनिष्ठ अभियंता होता. ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये त्याचा फोटो लावला होता, खाली 'कर्तव्यावर असताना' अशी पितळी पाटी. दर अकरा डिसेंबरला फोटोला हार, दोन मिनिटं शांतता, साहेबांचं भाषण आणि शेवटी चहा-समोसे. जयमालाबाईंचे यजमान अरविंदराव आदल्या दिवशीच पांढरा शर्ट इस्त्रीला टाकत. त्या दिवशीही ते शर्ट घालून, केस विंचरून दारात उभे राहिले.

"तू अजून तयार नाहीस?"

"मी तिकडे येत नाहीये. वेळखारला जाणार आहे."

अरविंदरावांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ते सावकाश सोफ्यावर बसले.

वेळखार म्हणजे उरणच्या वाटेवर खाडीकाठचं गाव. तिथेच अभिराम गेला होता. गावातल्या बाळाराम घरतांनी वाढत्या कुटुंबासाठी आणि चार भाडोत्र्यांसाठी तीन मजले चढवले होते, ते बेकायदा ठरले. नोटिसा लागल्या, कोर्टकचेरी झाली आणि एका सकाळी पाडकामाचं मशीन आलं. त्या सकाळी दोन माणसं मेली. मशीनचा घाव बसला तेव्हा बाळारामांचा तेवीस वर्षांचा मुलगा मितेश तिसऱ्या मजल्यावर होता, तो कठड्यासकट खाली आला. आणि एक अर्धी वीट अभिरामच्या कानशिलावर बसली. दोन्ही पाच मिनिटांच्या आत.

त्या पाच मिनिटांचंच सगळं भांडण होतं. ऑफिस म्हणत होतं, आधी दगडफेक झाली आणि त्या गोंधळात ऑपरेटरचा हात सुटला. गाव म्हणत होतं, आधी पोरगा मारला, मग लोक खवळले. गावच्या आठ माणसांवर खटला चालू होता. त्यात बाळाराम घरतही होते, मितेशचे वडील. पोराचे दिवस झाल्यावर तिसऱ्या दिवशी पोलिसांनी त्यांना उचललं होतं. अकरा महिने आत काढून ते जामिनावर बाहेर आले होते.

"त्यांच्या घरी जाऊन काय करणार आहेस?" अरविंदरावांनी विचारलं.

"मला एक सांगायचंय त्यांना."

"काय?"

जयमालाबाईंनी ते तीन वर्षांत नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई, पण हे उत्तर त्यांनी कुणाला दाखवलं नव्हतं. आता उभ्याउभ्याच त्या बोलल्या.

त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी अभिराम डायनिंग टेबलावर बसून पाहणीचा अहवाल भरत होता. एका हाताने पोहे खात होता, दुसऱ्या हाताने लिहीत होता. 'इमारत पूर्णपणे रिकामी असल्याची खात्री केली' या ओळीखाली त्याने सही केली, तेव्हा त्या पाठीमागे उभ्या होत्या. त्यांनी विचारलं होतं, "वरपर्यंत जाऊन बघितलंस का रे?" तो हसून म्हणाला होता, "वर कोण जाऊ देतंय, आई? शिव्या घालतात. खाली नोटीस चिकटवली की झालं. सगळे असंच करतात." आणि त्यांनी त्याच्या ताटलीत आणखी पोहे वाढले होते.

अरविंदराव सोफ्यावरून उठले. मग म्हणाले, "हे तू बोलणार नाहीस. कुठेही नाही. तो गेलाय जयमाला. आता त्याचं नावच तेवढं उरलंय आपल्याकडे."

"माहितीये."

"मग?"

"त्यांचाही गेलाय," त्या म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्या.

वेळखारच्या नाक्यावर मितेशचा भलामोठा बॅनर होता. गॉगल लावलेला, हसरा, खाली 'अमर रहे'. मंडप होता, स्पीकरवर कुणीतरी जमिनीबद्दल, नोकऱ्यांबद्दल, फसवणुकीबद्दल बोलत होतं. बोलणं खोटं नव्हतं. जयमालाबाई मंडपाच्या मागून गेल्या आणि एका बाईला घरतांचं घर विचारलं.

पाडलेल्या इमारतीच्या जोत्यावरच पत्र्याच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या होत्या. दारात मितेशची आई मैना बसली होती. तीही कार्यक्रमाला गेली नव्हती. दोघींनी एकमेकींना ओळखलं. कोर्टाच्या पॅसेजमध्ये तीन वर्षं त्या समोरासमोरच्या बाकांवर बसत आल्या होत्या, एक शब्द न बोलता.

"बाई, तुमी?" मैना उठून उभी राहिली. "आज कशाला आयल्या? आज आमचा दिवस हाय."

"आमचाही आजच आहे."

"व्हय. म्हायत हाय मना." मैनाने जरा वेळ बघितलं आणि दारातून बाजूला झाली. "या."

आत बाळाराम खुर्चीत बसले होते. सहा फुटांचा माणूस, पण खांदे उतरलेले. कुणी पाणी विचारलं नाही, आणि जयमालाबाईंना ते बरंच वाटलं. त्यांनी वर्गात बोलायच्या तसं, सरळ, सगळं सांगितलं. टेबल, पोहे, ती ओळ, ती सही. आपण विचारलं होतं आणि मग सोडून दिलं होतं, तेही.

मैना खाली बघत ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "माजा पोऱ्या सिलिंडर आनाला गेलता वर. भाडोत्र्याचा सिलिंडर ऱ्हायला व्हता. बोल्ला, मशीन लागली तर फुटंल, सगळ्यांना लागंल. सिलिंडर आनाला गेलता तो, बाई."

"हो," जयमालाबाई म्हणाल्या.

बाळाराम उठले, दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच बोलले. "जा तुमी आता."

जयमालाबाई निघाल्या. परतीच्या बसमध्ये त्यांना वाटलं, आपण आपलं ओझं उचलून दुसऱ्याच्या दारात टाकून आलो. मोकळं तर वाटतच नव्हतं.

तीन आठवड्यांनी नेरूळच्या त्यांच्या सोसायटीत वॉचमनचा इंटरकॉम आला. 'मैना घरत म्हणून बाई आल्यात.' दार अरविंदरावांनी उघडलं. हिरव्या लुगड्यातली, केसात अबोलीची वेणी माळलेली ती बाई त्यांनी कोर्टात शंभरदा पाहिली होती. मैनाच्या मागे एक पोरगेलासा तरुण उभा होता, जिना चढून नव्हे तर भीतीने धापा टाकत असलेला.

"यो कुंदन," मैना म्हणाली. "माज्या दिराचा पोर. आईबाप नाय त्याला, माज्याच हाताखाली वाढला. बोल रे."

कुंदन बोलेना. मैनाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मारायला नव्हे, नुसता ठेवला.

"ती वीट मी मारली," कुंदन म्हणाला.

अरविंदरावांनी खुर्चीची पाठ धरली. जयमालाबाईंना आपल्या कानात दडे बसल्यासारखं झालं, पण पोरगा बोलत होता आणि ऐकायलाच हवं होतं. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. मितेश पडताना त्याने डोळ्यांनी बघितलं. समोर फाइलवाला साहेब मशीनकडे धावत होता, हात हलवत, ओरडत. आवाजात काही ऐकू येत नव्हतं.

"मला वाटलं, तो अजून मार, अजून मार म्हणतोय. म्हणून मारली. तो पडला आणि मशीन थांबली. ऑपरेटर खाली उतरून रडायला लागला, साहेब थांब बोलत होते, साहेब थांब बोलत होते, असं करत." कुंदनने मनगटाने तोंड पुसलं. "ते थांबवायला पळत होते, काकू. त्यांना वरती मितेश दिसला होता. हे मी कुणाला नाय बोललो. आठ जण आत गेले, काका आत गेले, तरी नाय बोललो. काकांना माहीत होतं. ते बोलले, गप बस, एक पोर गेला, दुसरा नाय देणार."

अरविंदराव आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. बाहेर तिघं बसून राहिली. मग मैना म्हणाली, "तुमी आमच्या घरात येऊन तुमच्या पोराचा खरा सांगितलाव. मंग मना झोप येयना. मना सांगाला लागला, बाई. तुमी पोलिसांना सांगा, नायतर नको सांगा. आता तुमच्या हातात हाय."

जयमालाबाईंनी कुंदनकडे बघितलं. तीन वर्षं त्यांनी या माणसाचा चेहरा मनात किती प्रकारे रंगवला होता. त्यात नखं कुरतडणारा, उजव्या भुवईवर जुना वण असलेला असा कुणी नव्हता. त्याचा राग आला. खूप आला. आणि त्याच वेळी त्यांना हेही कळलं होतं, की अभिराम धावत होता. थांबवायला धावत होता.

"माझ्या हातात नको," त्या अखेर म्हणाल्या. "मी कोर्टात जाऊन सहीचं सांगणार आहे. तू तुझं ठरव."

दोघांनीही सांगितलं. एका महिन्याच्या अंतराने. अभिरामच्या ऑफिसातली त्याची मैत्रीण क्रांती, तीही अभियंता, तिने पुढे होऊन सांगितलं की वर न चढताच अहवाल भरायची तिथे रीतच होती, एकट्या अभिरामची ती चूक नव्हे. त्यानंतर दीड वर्षाने निकाल लागला. आठही जण सुटले. कुंदनला चार वर्षांची शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी मैना आणि जयमालाबाई एकाच बाकावर बसल्या होत्या.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. ऑफिसात अकरा डिसेंबरचा कार्यक्रम बंद पडला. अरविंदराव बायकोशी जवळजवळ आठ महिने कामापुरतंच बोलले, भाजी काय आणू, लाइटबिल भरलं का, एवढंच. सोसायटीतल्या एका बाईंनी लिफ्टमध्ये तोंड फिरवलं. तिकडे वेळखारमध्ये मैनाला हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं. पोटच्या पोराला मारणाऱ्यांशी सोयरीक केली आणि दिराच्या पोराला तुरुंगात धाडलं, असं लोक तोंडावर बोलत. नाक्यावरचा बॅनर एक दिवस कुणीतरी उतरवला आणि परत लावलाच नाही.

पुढचं काम सुरू झालं ते क्रांतीच्या फोनमुळे. खाडीच्या पलीकडच्या एका गावात दोन मजली घर पाडायचं होतं. "काकू, लोक तापलेत," ती म्हणाली. "आमचीही पोरं हेल्मेट मागतायत. मला रात्री झोप नाही."

जयमालाबाईंनी मैनाला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी त्या गावात गेल्या. काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. मैनाने घरमालकिणीशी तिच्या बोलीत बोलायला सुरुवात केली, जयमालाबाईंनी क्रांतीच्या साहेबांना गाठलं, आणि शेवटी एकच गोष्ट दोन्ही बाजूंनी कबूल केली. मशीन सुरू व्हायच्या आधी घरातलं एक माणूस आणि ऑफिसातलं एक माणूस, दोघांनी मिळून सगळ्यात वरच्या मजल्यापासून खालपर्यंत प्रत्येक खोली बघायची. संडास, माळा, पाण्याच्या टाकीमागची जागासुद्धा. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय चावी फिरवायची नाही. आणि तेवढा वेळ गावाने हातात काही घ्यायचं नाही. त्या दोन आया जिन्यात उभ्या राहणार.

घर पडलंच. पण कुणी मेलं नाही.

मग दुसऱ्या गावातून बोलावणं आलं, मग तिसऱ्या. नियम म्हणून कागदावर घ्यायला साहेब तयार नव्हते. 'तुम्ही येताय ते बरंय, पण लेखी मागू नका' असं म्हणायचे. जयमालाबाई तरी दर महिन्याला लेखी मागत राहिल्या. एका ठिकाणी लोकांनी त्यांना गावात शिरू दिलं नाही. तिथे दगड पडले, दोन पोलीस आणि एक म्हातारी जखमी झाली. एका ठिकाणी मात्र सह्या करताना घरमालकाने विचारलं की पावसाळा संपेपर्यंत थांबता येईल का, आणि साहेब थांबले. जिथे जातील तिथे लोक विचारत, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या? मैना म्हणे, "माजा पोऱ्या घराखाली गेला, हिचा दगडाखाली. आता तूच सांग, कुनाच्या?"

या वर्षी जानेवारीत पाणखारची पाळी आली. चार मजली इमारत, बाहेर दीडशे-दोनशे माणसं. त्या सकाळी अरविंदरावांनी गाडीची चावी घेतली.

"बस नको. मी सोडतो," एवढंच ते म्हणाले. जयमालाबाई चपला घालून त्यांच्यामागून निघाल्या.

वेळखारच्या फाट्यावर मैना आणि बाळाराम गाडीत बसले. बाळारामही हल्ली यायचे, पुरुषमाणसांत उभे राहायचे, तापलेल्या पोरांच्या खांद्यावर हात टाकायचे. तासाभराच्या वाटेत पुढच्या सीटवरच्या दोघा पुरुषांत एकच बोलणं झालं. एसीचा वारा लागतो का, एवढं अरविंदरावांनी विचारलं. बाळारामांनी मानेनेच नाही म्हटलं.

पाणखारला कुंदन आधीच पोचला होता. शिक्षा भोगून चार महिन्यांपूर्वी तो सुटला होता. आपण येऊ का, हे त्याने मैनाला विचारलं होतं आणि मैनाने जयमालाबाईंना. जयमालाबाईंनी दोन दिवस घेऊन 'येऊ दे' म्हटलं होतं. अरविंदरावांनी त्याला बघितलं, गाडीचं दार लावलं आणि ते दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले.

क्रांती, घरमालक आणि दोघी आया जिना चढल्या. चौथा मजला रिकामा. तिसऱ्यावर एक खोली आतून बंद. घरमालक म्हणाला, तिथलं बिऱ्हाड कालच गेलंय. मैनाने दारावर थापा मारल्या. उत्तर नाही. "गेले असतील," क्रांती म्हणाली. खालून गर्दीचा आवाज वाढत होता.

"आतून बंद आहे," जयमालाबाई म्हणाल्या. "मग गेलं कोण?"

त्यांनी कडी वाजवली, हाका मारल्या. पाचेक मिनिटांनी कडी निघाली. दारात दिघ्याच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलेला एक माणूस डोळे चोळत उभा होता, कानात कापसाचे बोळे. बिऱ्हाड गावी गेलं होतं, हा भाचा चार दिवसांसाठी झोपायला आला होता. त्याला कशाचीच कल्पना नव्हती. घरमालक जिन्याच्या पायरीवर मटकन बसला.

"उठ बाबा," मैना त्या माणसाला म्हणाली. "आंथरून गुंडाळ. सावकाश. घाई नाय."

त्याचं सामान खाली न्यायला कुंदन वर आला. गादीची वळकटी त्याने खांद्यावर घेतली, भांड्यांचं गाठोडं हातात. जयमालाबाईंच्या बाजूने जाताना तो थबकला.

"जपून उतर, पायऱ्या तुटल्यात," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्या त्याच्याशी आपणहून बोललेलं हे दुसरंच वाक्य होतं.

उरलेले मजले बघून झाले. जिन्यातच सह्या झाल्या. मशीन सुरू झालं तेव्हा घरमालकाची बायको मैनाच्या गळ्यात पडून रडत होती आणि मैनाही रडत होती. पडणाऱ्या घराला बरं कसं म्हणायचं? जयमालाबाई नुसत्या जवळ उभ्या राहिल्या. गर्दीतून कुणीतरी दोघींना शिवी हासडली. पण हात कुणाचे वर आले नाहीत.

मग त्यांना अरविंदराव दिसले. टपरीबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, शेजारच्या खुर्चीत बाळाराम. दोघांच्या हातात चहाचे ग्लास. जयमालाबाई जवळ गेल्या तशी अरविंदरावांनी न बोलता हाताने 'थांब' अशी खूण केली, कारण बाळाराम बोलत होते.

"...पोवायला मीच शिकवला त्याला. पयल्या दिवशी सोरला पान्यात आनि ओरडतंय कसा, बाबा बुडलो, बाबा बुडलो. पानी इथवर." बाळारामांनी स्वतःच्या गुडघ्याला हात लावून दाखवला.

अरविंदराव हसले. मोठ्याने नव्हे, पण हसले.

"आमच्याला शेवटपर्यंत आलं नाही पोहायला," ते म्हणाले. "वाशीला क्लास लावला होता. तिसऱ्या दिवशी पळून आला. टॉवेल तिथेच टाकून."

"क्यान?"

"थंडी वाजते म्हणे."

बाळारामांनी मान हलवली, जणू हे कारण त्यांना पुरतं पटलं होतं. त्यांनी टपरीवाल्याला आणखी दोन चहा सांगितले, आणि मैनाला येताना बघून तिसऱ्या-चौथ्यासाठी बोटं वर केली. जयमालाबाईंनी एक खुर्ची ओढली.